आठ कोरांचा कर्नल आणि कोरांनी एकमेकांना मारलेल्या हाका

कुळागर · रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र गेले वर्षभर फोंड्याला एकाच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी जमतो आणि शिकण्याच्या हेतूने एक लहानसा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितो. एका कोरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एका स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावर, तो नीट चालू लागला, तेव्हा चवथीच्या सुट्टीत आम्ही तो आठ कोरांच्या एका जुन्या, एक्स८६ जातीच्या यंत्रावर नेला. तेव्हापासून एका प्रश्नापाशी अडकलो आहोत, तो येथे सविस्तर मांडतो.

आमची चाचणी साधी आहे. एकाच प्रोग्रॅमचे आठ थ्रेड, म्हणजे एकाच मेमरीत समांतर चालणारी कामे, आठ कोरांवर चालतात. प्रत्येक थ्रेड कर्नलकडून चार मेगाबाइट मेमरी मागून घेतो, तिच्यातल्या प्रत्येक पानावर, म्हणजे चार किलोबाइटच्या तुकड्यावर, एक बाइट लिहितो आणि ती सगळी मेमरी परत करतो. हेच पुन्हा पुन्हा चालते. एकच थ्रेड चालवला तर काम झरझर होते. आठ चालवले की आठांचे मिळून होणारे काम एकट्याच्या कामापेक्षाही कमी भरते.

कारण आम्हाला कळले आहे. मेमरीचे पान काढून घेतले, तरी इतर कोरांच्या टीएलबीमध्ये, म्हणजे पत्त्यांची भाषांतरे जवळ ठेवणाऱ्या त्यांच्या छोट्या कॅशमध्ये, त्या पानाची जुनी नोंद राहिलेली असू शकते. ती पुसायला त्या कोरांना सांगावे लागते आणि एक्स८६वर त्यासाठी आयपीआय, म्हणजे एका कोरने दुसऱ्या कोरला दिलेला इंटरप्ट, पाठवावा लागतो. चार मेगाबाइट म्हणजे चार किलोबाइटची १०२४ पाने. आम्ही प्रत्येक पान काढल्यावर सातही कोरांना कळवतो. म्हणजे एका थ्रेडच्या एका फेरीत ७,१६८ आयपीआय होतात. काउंटर लावून पाहिले, तर आकडा तंतोतंत तेवढाच आला.

निरोप देण्याची आमची पद्धत अशी: प्रत्येक कोरची एक टपालपेटी असते, तिच्यात एकाच निरोपाची जागा असते आणि पेटीला एक लॉक असते, ते एका वेळी एकालाच मिळते. पाठवणारा लॉक घेतो, कोणते फंक्शन चालवायचे ते आत लिहितो, आयपीआय पाठवतो आणि समोरच्याचे काम संपेपर्यंत तिथेच फिरत राहतो. मग पुढच्या कोरकडे वळतो.

आमच्यापैकी दोघांचे म्हणणे आहे की आयपीआय पाठवण्याचा हार्डवेअरचा मार्गच जुना आहे, तो बदलावा. मला मात्र वाटते की दोष आमच्या रचनेत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ · रविवार, दुपारी १.४०

मांडणी नेमकी केली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. तुमचे मत मला बरोबर वाटते.

पहिली गोष्ट, तुमच्या रचनेत निरोप आणि हाक या दोन गोष्टी एकच झाल्या आहेत. त्या वेगळ्या करा. निरोप म्हणजे मेमरीत लिहिलेली नोंद, हाक म्हणजे आयपीआय. निरोप लिहिणे तुलनेने स्वस्त असते, कारण एखादी कॅश लाइन, म्हणजे कॅशमधला ६४ बाइटचा तुकडा, एका कोरकडून दुसऱ्याकडे जाते एवढेच. हाक महाग असते, कारण समोरचा कोर हातातले काम थांबवतो, रजिस्टरे जपून ठेवतो, इंटरप्टच्या फंक्शनमध्ये शिरतो, काम आटोपल्यावर इंटरप्ट संपल्याचे आपल्या एपिकला, म्हणजे इंटरप्ट हाताळणाऱ्या हार्डवेअरला, कळवतो आणि मग मूळ कामावर परततो. शिवाय त्या मूळ कामाची कॅशमध्ये जमलेली घडी विस्कटते ती निराळीच.

एकदा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की हा प्रश्न विचारता येतो: दहा निरोपांसाठी दहा हाका कशाला? रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट प्रत्येक स्कूटरसाठी वेगळी सुटत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक कोरला एकच जागा नसून निरोपांची एक रांग असते आणि तिला लॉक नसते. पाठवणारा आपली नोंद एका अविभाज्य, म्हणजे मध्ये दुसरा कोर शिरू शकत नाही अशा, तुलना-अदलाबदल सूचनेने यादीच्या तोंडाशी जोडतो. जोडताना यादी आधी रिकामी होती की नव्हती, हे त्याला त्याच सूचनेतून कळते. रिकामी असेल तरच तो हाक मारतो. रिकामी नसेल तर आधी कोणीतरी हाक मारलेली आहे किंवा मारतच आहे आणि समोरचा अजून यादीपर्यंत पोचलेला नाही, एवढे निश्चित असते, म्हणून दुसरी हाक मारण्याचे कारणच उरत नाही. घेणारा यादीचे तोंड एका अदलाबदलीने पूर्ण रिकामे करतो, हाती आलेली साखळी उलटी करतो, कारण शेवटी आलेला निरोप पुढे असतो, आणि क्रमाने सगळी कामे उरकतो.

दुसरी गोष्ट, एका कोरला हाक मारून त्याची वाट पाहायची आणि मग दुसऱ्याकडे जायचे, हे आजच थांबवा. सातही रांगांत निरोप ठेवा, सातही जणांना हाका मारा, तुमच्या स्वतःच्या टीएलबीतली नोंद याच वेळेत पुसून घ्या आणि मग सर्वांची एकदम वाट पाहा. गंमत नाही, लिनक्समध्येसुद्धा स्वतःचे पुसणे आणि इतरांचे पुसणे समांतर चालू झाले ते ५.१३ या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली.

कुळागर · पुढचा रविवार, सकाळी ९.०५

मांडवीकाठ सर, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री उशिरापर्यंत बसून रांग लिहिली. फरक लगेच दिसला. पण एक नवे संकट उभे राहिले आहे. चाचणी कधी काही मिनिटे, कधी अर्धा तास व्यवस्थित चालते आणि मग यंत्र गोठते. डीबगरने पाहिले तर एक कोर पोचपावतीची वाट पाहत फिरत असतो, ज्याची पावती यायची तो कोर आरामात आपला थ्रेड चालवत असतो आणि त्याच्या रांगेत एक निरोप तसाच पडून असतो.

आम्ही तुमच्या पद्धतीत एक छोटा बदल केला होता. लॉक नसलेली यादी लिहिण्याची भीती वाटली, म्हणून रांगेचे लॉक तसेच ठेवले आणि शेजारी ‘हाक मारली आहे’ असे सांगणारी एक खूण ठेवली. पाठवणारा निरोप ठेवतो, मग खूण पाहतो. खूण नसेल तर ती लावतो आणि हाक मारतो. घेणारा रांग रिकामी होईपर्यंत निरोप काढतो आणि शेवटी खूण पुसतो. यात चूक कुठे आहे ते आम्हा चौघांनाही दिसत नाही.

सत्तरीची_वाट · रविवार, सकाळी ११.३०

तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांतच चूक आहे. हे दोन कोर समोरासमोर ठेवून एकेक पाऊल पाहा.

घेणारा रांगेतला शेवटचा निरोप काढतो, रांग पुन्हा तपासतो आणि ती रिकामी असल्याचे पाहून लॉक सोडतो. नेमक्या याच क्षणी पाठवणारा नवा निरोप रांगेत ठेवतो आणि खूण पाहतो. खूण अजून लावलेलीच आहे, म्हणून तो समजतो की समोरचा येतच आहे, आणि हाक मारत नाही. त्यानंतर घेणारा खूण पुसतो आणि आपल्या थ्रेडकडे परततो. आता रांगेत निरोप आहे, खूण नाही आणि हाक कोणीच मारलेली नाही. पुढे कोणी तिसऱ्याने त्या कोरला निरोप पाठवला तर हा अडकलेला निरोपही सुटतो, म्हणून तुमची चाचणी बराच वेळ चालते. पण सगळेच वाट पाहत बसले असतील तर तो तिसरा येत नाही.

उपाय असा की घेणाऱ्याने आधी खूण पुसावी आणि मग रांग उपसावी. असे केल्यास फार तर एखादी हाक फुकट जाईल आणि घेणाऱ्याला रांग रिकामी मिळेल. फुकट हाकेने थोडा वेळ जातो, हरवलेल्या हाकेने यंत्र गोठते. या दोहोंत निवड करावी लागत नाही.

आणखी एक सूक्ष्म बाब सांगते. एक्स८६वर लेखनाचा क्रम सहसा पाळला जातो, म्हणून पुष्कळजण येथे गाफील राहतात. पण आधी लिहिणे आणि नंतर दुसऱ्या जागेवरून वाचणे, एवढा एक क्रम एक्स८६सुद्धा पाळत नाही. लिहिलेले अजून कोरच्या स्टोअर बफरमध्येच, म्हणजे बाहेर पडण्याआधी लेखने थांबतात त्या जागेत, असते आणि पुढचे वाचन होऊन जाते. तुमच्या रांगेला लॉक आहे, त्यामुळे ते लॉक घेतानाच हा क्रम लागतो. पण उद्या लॉक काढाल आणि खूण साध्या लेखनाने पुसाल, तर घेणारा रांग रिकामी असल्याचे वाचेल आणि खूण पुसल्याचे इतरांना नंतर दिसेल. म्हणून खूण अदलाबदलीच्या सूचनेनेच पुसा. खरे तर मांडवीकाठ यांनी सांगितलेल्या यादीत ही खूणच लागत नाही. यादीचे तोंड हीच खूण असते, त्यामुळे दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा प्रसंगच येत नाही. त्या पद्धतीची भीती बाळगू नका. ती तुमच्या लॉकवाल्या रांगेपेक्षा लिहायला सोपी आहे.

कुळागर · रविवार, रात्री ८.५०

ताई, मनापासून आभार. तुम्ही लिहिलेला क्रम वहीत दोन रकान्यांत मांडला, तेव्हा तो आमच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला. खूण काढून टाकली आणि यादीचे तोंडच खूण म्हणून वापरले. दुपारपासून चाचणी चालू आहे, गोठलेली नाही.

झुवारी · सोमवार, रात्री १०.२०

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एम्बेडेड यंत्रांचे काम करतो. रचनेचे उत्तर मिळाले, पण तुमच्या त्या दोन मित्रांचा मुद्दाही अगदीच निराधार नाही, म्हणून हार्डवेअरबद्दल लिहितो.

एक्सएपिकमध्ये, म्हणजे एपिकच्या जुन्या प्रकारात, आयपीआय पाठवण्याचे रजिस्टर मेमरीच्या पत्त्यावर असते आणि ते ३२ बिटांच्या दोन भागांत लिहावे लागते. आधी वरच्या भागात कोणाला पाठवायचे ते लिहायचे आणि मग खालच्या भागात कोणता इंटरप्ट ते. खालचा भाग लिहिला की हाक निघते. या दोन लेखनांच्या मध्ये तुमच्याच कोरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या फंक्शनने स्वतः एखादी हाक मारली, तर तुमची हाक भलत्याच कोरकडे जाते, म्हणून तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. शिवाय आधीची हाक निघाली की नाही, हे सांगणारा बिट तपासून थांबावे लागते. एक्सटूएपिकमध्ये, म्हणजे एपिकच्या नव्या प्रकारात, हेच रजिस्टर ६४ बिटांचे आहे, ते एका सूचनेने लिहिता येते आणि तो थांबण्याचा बिटही नाही.

म्हणून एक्सटूएपिक चांगलाच, पण तो वापरताना एक धोका लक्षात ठेवा. एक्सएपिकचे लेखन कॅश नसलेल्या मेमरीत होते, त्यामुळे तुमचा निरोप आधी बाहेर पडतो आणि हाक नंतर जाते. एक्सटूएपिकच्या रजिस्टरात लिहिणारी सूचना ही खात्री देत नाही. निरोप अजून स्टोअर बफरमध्ये असतानाच हाक पोचू शकते आणि समोरच्याला रांग रिकामी दिसते. त्या लेखनाआधी मेमरीच्या क्रमाची कुंपणे, म्हणजे आधीची लेखने पूर्ण होईपर्यंत थांबवणाऱ्या सूचना, घालणे भागच आहे, लिनक्सही ती घालतो.

आता आठ कोरांपुरते बोलायचे, तर सात हाकांसाठी सात वेळा रजिस्टर लिहिण्याची गरज नाही. एपिकमध्ये ‘मी सोडून सगळे’ असा आखूड मार्ग आहे. एकदा लिहिले की सातही कोरांना हाक जाते.

सत्तरीची_वाट · मंगळवार, सकाळी ७.१०

झुवारी यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, निदान टीएलबीच्या कामासाठी तरी नाही. पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा एकदाच वाजवतो आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जातो. ज्याला पाव हवा आहे त्याची सोय होते, पण रात्रपाळी करून नुकत्याच झोपलेल्या माणसाचीही झोप मोडते. पाठवणाऱ्याचे एक लेखन वाचावे म्हणून, ज्यांचा या प्रोग्रॅमशी काही संबंध नाही अशा कोरांना थांबवणे हा उफराटा हिशेब आहे. खर्च पाहायचा तो हाक ऐकणाऱ्याचा. एखाद्या कोरवर वेळेला बांधलेले काम चालू असेल, तर त्याला उगाच पडलेली एक हाकसुद्धा परवडत नाही.

झुवारी · मंगळवार, रात्री ९.००

मान्य आहे, आणि यावर मधला मार्गही आहे, तो मी आधीच सांगायला हवा होता. एक्सएपिकच्या फ्लॅट लॉजिकल पद्धतीत प्रत्येक कोरला आठ बिटांतला एकेक बिट वाटून देता येतो आणि हाक मारताना हवे तेवढे बिट लावून एकाच वेळी नेमक्या त्याच कोरांना बोलावता येते. ही पद्धत आठ कोरांपुरतीच पुरते आणि तुमच्याकडे नेमके आठच आहेत. एक्सटूएपिकच्या क्लस्टर पद्धतीत हीच सोय सोळा-सोळा कोरांच्या गटांनी मिळते. म्हणजे तुम्हाला एक्सटूएपिककडे जाण्याची घाई नाही. जुन्यातच नेमकी हाक मारता येईल.

फर्मागुडी_वसतिगृह · बुधवार, दुपारी ४.४५

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. सर, आर्म प्रोसेसरवर हा प्रश्नच येत नाही असे वर्गात ऐकले होते. ते खरे आहे का?

मांडवीकाठ · बुधवार, रात्री ९.३०

टीएलबीपुरते खरे आहे. ६४ बिटांच्या आर्ममध्ये टीएलबीतली नोंद पुसण्याची सूचनाच अशी मिळते की ती एका गटातल्या सर्व कोरांना हार्डवेअरच्या मार्गाने पोचते. सूचना द्यायची आणि नंतरच्या कुंपणाच्या सूचनेने ती सर्वत्र पूर्ण होण्याची वाट पाहायची. समोरच्या कोरला इंटरप्ट जात नाही. एएमडीनेही झेन ३ पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरांपासून अशी सूचना दिली आहे आणि लिनक्सने ती २०२५ साली वापरात आणली. मात्र थ्रेडला दुसऱ्या कोरवर जागे करणे, दुसऱ्या कोरवर एखादे फंक्शन चालवणे, यांसाठी आर्मवरही हाक मारावीच लागते.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण कुळागर यांच्या ७,१६८ हाकांतल्या बहुतेक हाका अजून तशाच आहेत असे मला वाटते. रांगेमुळे एकाच कोरकडे एका वेळी जाणाऱ्या हाका जुळल्या, पण तुमचा एकच थ्रेड पान काढतो, पावतीची वाट पाहतो आणि मगच पुढचे पान काढतो. त्याच्या दोन निरोपांच्या मध्ये रांग दरवेळी रिकामी झालेली असते, त्यामुळे तिथे जुळायला काही उरतच नाही.

येथे रांगेच्या वरच्या पातळीवर जाऊन, हा निरोप मुळात किती वेळा द्यायचा, याचा विचार करावा लागतो. १०२४ पाने एका फटक्यात परत होत आहेत. पान-तक्त्यातल्या, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पानावर ते सांगणाऱ्या तक्त्यातल्या, १०२४ नोंदी आधी पुसून टाका. सुटलेली पाने लगेच मोकळ्या यादीत टाकू नका, एका बाजूच्या यादीत जमवा. मग एकदाच सर्वांना कळवा, सर्वांच्या पावत्या आल्या की ती जमवलेली पाने मोकळी करा. ७,१६८ हाकांच्या जागी सात होतील.

हा क्रम मात्र काटेकोर पाळावा लागतो. पावती येण्याआधी एक पान जरी मोकळे झाले आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळाले, तर एखादा कोर टीएलबीतल्या जुन्या नोंदीवरून त्या परक्या पानात लिहू शकतो. अशी चूक महिनोन्महिने दिसत नाही आणि दिसते तेव्हा दुसरीकडेच दिसते. पाने जमवण्याची ही सवलत मेमरी परत करताना मिळते, कारण परत केलेल्या मेमरीला त्या मधल्या क्षणात कोणी हात लावला तर तो त्याच प्रोग्रॅमचा दोष ठरतो. फोर्क करताना, म्हणजे एका प्रक्रियेची प्रत काढून नवी प्रक्रिया करताना, पाने केवळ-वाचनाची केली असतील, तर मात्र नवी प्रक्रिया मोकळी सोडण्याआधी सर्वांच्या नोंदी पुसल्या गेल्याच पाहिजेत. नाहीतर मूळ प्रक्रियेचे नंतरचे लेखन मुलाच्या पानात दिसेल.

निरोपात एवढेच सांगा की अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत पुसा. पाने फार असतील तर एकेक नोंद पुसण्यापेक्षा अख्खी टीएलबी रिकामी करणे स्वस्त पडते. लिनक्समध्ये एक्स८६साठी ही मर्यादा मुळात ३३ पानांची आहे. तुमच्या १०२४ पानांना तर सरळ सगळे पुसणेच योग्य.

सत्तरीची_वाट · गुरुवार, सकाळी ६.५५

याला जोडून कोणाला कळवायचे ते पाहू. प्रत्येक पत्ता-अवकाशासोबत, म्हणजे प्रोग्रॅमला दिसणाऱ्या सगळ्या पत्त्यांच्या संचासोबत, तो कोणत्या कोरांवर चालू आहे याचा एक मुखवटा (प्रत्येक कोरला एक बिट) ठेवा आणि हाक त्यांनाच मारा. पत्ता-अवकाश बदलणाऱ्या कोरने आधी मुखवट्यात आपला बिट लावायचा आणि मग नवा पान-तक्ता चढवायचा. पाने काढणाऱ्याने आधी नोंद पुसायची आणि मग मुखवटा वाचायचा. हा क्रम पाळला तर एकतर तुम्हाला त्याचा बिट दिसतो, किंवा त्याला तुमची पुसलेली नोंद दिसते. दोन्ही निसटणे शक्य नाही. पाने काढणाऱ्याच्या बाजूला पूर्ण कुंपण हवे, ते विसरू नका.

याच्याही पुढे जायचे असेल तर पिढीचा आकडा ठेवता येतो. पत्ता-अवकाशात बदल झाला की त्याचा आकडा एकाने वाढतो आणि प्रत्येक कोर आपण शेवटचा कोणता आकडा पाहिला ते लक्षात ठेवतो. एखादा कोर नुसता बसून असेल किंवा कर्नलचा एखादा थ्रेड चालवत असेल, तर त्याला हाक मारण्याचे कारण नाही. तो त्या प्रोग्रॅमकडे परतेल तेव्हा आकडे जुळवेल आणि मागे राहिला असेल तर स्वतःच टीएलबी पुसेल. लिनक्समध्ये ही पिढ्यांची मोजणी ४.१४ या आवृत्तीत, २०१७ साली आली. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात समोरचा हवा तेव्हा येतो आणि मागचे सगळे निरोप एका आकड्यातून वाचून घेतो.

मांडवीकाठ · गुरुवार, रात्री १०.१०

बसून असलेल्या कोरचा विषय निघाला म्हणून थोडे लिहितो. एक्स८६वर कोर निजवताना त्याला एका कॅश लाइनवर नजर ठेवायला सांगता येते. त्या लाइनवर कोणी लिहिले की तो जागा होतो. म्हणजे तेथे निरोप लिहिणे हीच हाक होते, वेगळा इंटरप्ट लागत नाही. थ्रेडला दुसऱ्या कोरवर जागे करताना लिनक्स हेच पाहतो. समोरचा कोर अशा नजर ठेवलेल्या अवस्थेत असेल, तर तो फक्त एक खूण लिहितो आणि आयपीआय टाळतो. तुमच्या शेड्युलरलाही हे सहज जोडता येईल.

दुसरे उदाहरण ड्रॅगनफ्लाय बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे. मॅथ्यू डिलन यांनी २००३ साली फ्रीबीएसडीच्या चौथ्या मालिकेपासून ही शाखा काढली, तेव्हा लॉकांवर भर देण्याऐवजी प्रत्येक कोरची आपापली मालमत्ता आणि कोरांमध्ये निरोपांची देवघेव, असा मार्ग धरला. एका कोरने घेतलेला मेमरीचा तुकडा दुसऱ्या कोरवर मोकळा झाला, तर तो मूळ मालकाकडे निरोपाने परत जातो. त्यात घाई काहीच नसते, म्हणून असा निरोप रांगेत ठेवतात आणि लगेच हाक मारत नाहीत. रांग बरीचशी भरली तरच हाक जाते, एरवी मालकाच्या घड्याळाच्या पुढच्या इंटरप्टला तो उचलला जातो. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाने आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००९ साली मांडलेल्या बॅरलफिश या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर प्रत्येक कोरवर स्वतंत्र कर्नल आहे आणि त्यांच्यात निरोपांखेरीज काहीच सामायिक नाही. तुम्ही तेवढ्या टोकाला जाऊ नका, पण कोणत्या निरोपाला घाई आहे आणि कोणत्याला नाही, अशी वर्गवारी एकदा कागदावर करून पाहा.

झुवारी · शुक्रवार, सकाळी ८.३०

एक सूचना, चाचणी आभासी यंत्रात करत असाल तर आकड्यांवर विसंबू नका. ज्या प्रोसेसरमध्ये हाका थेट पोचवण्याची सोय नाही, तेथे एपिकच्या रजिस्टरात लिहिले की नियंत्रण आभासी यंत्रातून बाहेर पडते आणि हाक कितीतरी पटींनी महाग होते. म्हणूनच लिनक्सच्या केव्हीएममध्ये, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या भागात, २०१८ साली अशी सोय आली की आभासी यंत्रातला पाहुणा कर्नल एकाच विनंतीत १२८ कोरांपर्यंत हाका मारू शकतो.

कुळागर · रविवार, रात्री ९.४५

सर्वांना नमस्कार. या आठवड्यात आम्ही शनिवारची वाट न पाहता रोज बसलो. काय केले ते क्रमाने सांगतो.

पाने जमवून एकदाच कळवणे लागू केले. काउंटर एका फेरीला ७,१६८ दाखवत होता, तो आता सात दाखवतो. मुखवटा ठेवला आहे, पण आमच्या चाचणीत आठही कोरांवर तोच प्रोग्रॅम असल्याने त्याचा उपयोग दिसत नाही. दोनच थ्रेड चालवून पाहिले तेव्हा एका फेरीला एकच हाक गेली आणि उरलेले सहा कोर निवांत राहिले. फ्लॅट लॉजिकल पद्धतही लावली, त्यामुळे सात हाका एकाच लेखनात निघतात. चाचणी खऱ्या यंत्रावरच केली आहे.

मधे एकदा यंत्र पुन्हा गोठले. या वेळी दोन कोर एकमेकांच्या पावतीची वाट पाहत होते आणि दोघांनीही इंटरप्ट बंद ठेवलेले होते, त्यामुळे कोणालाच कोणाची हाक ऐकू येत नव्हती. आता इंटरप्ट बंद असताना कोणी पावतीसाठी थांबू लागला तर कर्नल तिथेच तक्रार करून थांबतो, आणि वाट पाहणारा कोर फिरता फिरता स्वतःची रांगही उपसत राहतो.

पावतीसाठी आधी सात कोर मिळून एकच आकडा कमी करत होते आणि ती एक कॅश लाइन साऱ्यांत ओढली जात होती. आता प्रत्येक कोरची पावती त्याच्या स्वतःच्या ६४ बाइटच्या लाइनवर असते.

आठ थ्रेडांचे मिळून होणारे काम आता एकट्यापेक्षा जास्त भरते, पण आठपट काही होत नाही. प्रोफायलरने पाहिले, तर वेळ आता आयपीआयमध्ये जात नाही, पत्ता-अवकाशाच्या एकमेव लॉकमध्ये जातो.

सत्तरीची_वाट · रविवार, रात्री १०.३०

ते होणारच होते, कारण आठही थ्रेडांचा पत्ता-अवकाश एक आहे आणि मेमरी मागणे आणि परत करणे दोन्ही त्याच लॉकखाली चालते. एक गोष्ट आजच तपासा: सात पावत्यांची वाट पाहताना तुम्ही ते लॉक धरून ठेवता का? नोंदी पुसून झाल्या आणि पाने बाजूच्या यादीत आली, की ते धरण्याची गरज नसते. एवढी काळजी घ्या की जमवलेल्या पानांची यादी त्या थ्रेडची स्वतःची असावी आणि तीच पत्त्यांची पट्टी दुसऱ्या कोणाला पावत्या पूर्ण होण्याआधी दिली जाऊ नये. बाकी लॉकचे तुकडे कसे पाडावेत, यासाठी नवा धागा काढा आणि त्यात तुमच्या पान-तक्त्याची रचना आधी लिहा.

कुळागर · रविवार, रात्री १०.५५

होय, धरून ठेवत होतो. आत्ताच उठून ते बदलतो. नवा धागा पुढच्या शनिवारनंतर काढेन.